घर मोजताना : शिरोड्याच्या एका घराचा अभ्यास

बिल्डिंग प्लॅनिंगच्या पेपरात हमखास येणारा प्रश्न म्हणजे 'प्रिन्सिपल्स ऑफ प्लॅनिंग'. ॲस्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, प्रायव्हसी, ग्रुपिंग, रूमिनेस, सर्क्युलेशन... आपण ते पाठ करतो, प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी लिहितो आणि सबमिशनच्या शीटवर एक टू बीएचके काढून मोकळे होतो. त्या घरात कोण राहणार, हा प्रश्न शीटवर कुठेच नसतो. टायटल ब्लॉकमध्ये स्केल असतो, नॉर्थ असते, आपलं नाव आणि रोल नंबर असतो. घरातल्या माणसांसाठी रकाना नाही.

माझं आजोळ शिरोड्याला. तालुका वेंगुर्ला, जिल्हा सिंधुदुर्ग. दक्षिणेला थोडं गेलं की रेडी आणि तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. बाहेरच्यांना हे गाव दोन कारणांनी ठाऊक असतं. १९३० च्या मे महिन्यात इथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, आणि वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात इथल्या शाळेत शिक्षक होते. मी मात्र तिसरीच गोष्ट सांगणार आहे. आमच्या मामांचं जुनं घर पाडून तिथे स्लॅबचं घर बांधायचं घाटतंय. 'भाचो सिव्हिलचो, तोच प्लॅन काढीत' असं ठरलं. नवीन काढायच्या आधी आहे ते नीट मोजून ठेवू या म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत टेप, लेव्हल ट्यूब आणि ग्राफ पेपर घेऊन मी खळ्यात बसलो. सोबत लायब्ररीतून आणलेलं ॲमॉस रॅपोपोर्ट यांचं 'हाऊस फॉर्म अँड कल्चर' हे १९६९ सालचं छोटेखानी पुस्तक होतं.

रॅपोपोर्ट यांचं म्हणणं थोडक्यात असं आहे. हवामान, मटेरियल आणि बांधायची पद्धत या गोष्टी घराला मर्यादा घालतात, वळण देतात. पण घराचा आकार मुळात ठरतो तो माणसांनी कसं जगायचं ठरवलंय त्यावरून. आपल्या शिक्षणाच्या हे उलट आहे. आपण लोडपासून सुरुवात करतो. तेव्हा मीही आधी लोडच घेतो.

चिरा, कौलं आणि पाऊस

भिंती जांभ्या दगडाच्या, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत चिऱ्याच्या. हा दगड खाणीतून काढताना ओलसर आणि मऊ असतो, हाताच्या हत्याराने तासता येतो. हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारमध्ये हाच दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. आपल्या आयएस ३६२० मध्ये या दगडाची कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असावी असं म्हटलंय. काँक्रीटच्या मानाने ही अगदीच मामुली. पण हिशेब करून बघा. तीन मीटर उंचीची दीड फुटी भिंत आणि वर कौलारू छप्पर धरलं तर भिंतीच्या तळाशी ताण येतो साधारण ०.०७. म्हणजे पन्नासाव्या हिश्श्याइतका. मातीचा सांधा कमजोर असतो हे मान्य करूनही भिंत वजनासाठी एवढी जाड नाही हे उघड आहे. ती जाड आहे पावसासाठी आणि उन्हासाठी.

पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे छप्पर चांगलंच उतरतं, आणि पावळी (छपराची खालची कड, जिथून पाणी गळतं ती) इतकी खाली आणलेली की आमच्या लोट्याच्या तोंडाशी ती जेमतेम साडेपाच फुटांवर आहे. कुणीही पाहुणा वाकल्याशिवाय घरात येत नाही. याला काही लोक 'घरापुढे नम्र व्हावं म्हणून' असं सांगतात. मला त्यात वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊसच जास्त दिसतो. पूर्वी कौलं म्हणजे नळे. कुंभाराने चाकावर नळकांडं फिरवून त्याचे उभे दोन भाग केले की दोन नळे. १८६० च्या दशकात मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती खाचेची चपटी कौलं किनाऱ्याने सगळीकडे पसरली. आमच्या घरावर आता मंगलोरीच आहेत, फक्त मांगरावर, म्हणजे गवत-लाकडं ठेवायच्या शेडवर, जुने नळे शिल्लक आहेत. वासे माडाचे, रिपा पोफळीच्या. खांब आणि तुळया फणसाच्या.

(जाता जाता एक. आमच्याकडे कौल हा शब्द दोन अर्थी आहे. घरावर असतं ते कौल, आणि देवळात देवीला विचारून घेतात तोही कौल. घर बांधायला घ्यायचं तर आधी दुसरा कौल, मग पहिलं.)

इथपर्यंत हवामान आणि मटेरियल दोघांनी मिळून घर समजावलं. आता अडचण बघा. शिरोड्याहून दक्षिणेला तेरेखोल ओलांडा. पेडणे तालुक्यात घरं आमच्यासारखीच दिसतात. हा भाग अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांकडे होता. आणखी पुढे शापोरा नदी ओलांडून बार्देशात शिरलं की चिरा तोच, कौल तेच, पाऊस तोच. पण घराचं तोंड बदलतं. ख्रिस्ती घरांच्या पुढच्या दाराशी बाकं असलेला, पायऱ्यांचा बालकाव येतो, रस्त्याकडे तोंड करून. घरातली बाईमाणसं संध्याकाळी तिथे बसलेली दिसतात, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात. खिडक्या मोठ्या होतात, पुढच्या भिंतीवर रांगेत येतात. पावसाने हे केलेलं नाही. घराने रस्त्याशी कसं वागायचं याबद्दलचं मत तिथे वेगळं होतं. आमच्या शिरोड्याच्या घराला पुढच्या बाजूला एकच खिडकी आहे, तीही गजांची आणि लहान. बाकी सगळं जगणं मागच्या अंगाला.

पुढलं दार आणि मागीलदार

आता प्लॅन. पूर्वेकडून सुरू करू. आधी खळं, म्हणजे अंगण, मधोमध तुळस. तीन पायऱ्या चढून लोटा, ज्याला मालवणीत लोटो म्हणतात, म्हणजे पुढची उघडी पडवी. मग वळय, ही बाहेरची खोली. मग माजघर, त्याच्या एका अंगाला देवघर आणि दुसऱ्या अंगाला एक अंधारी खोली, जिला अजून 'बाळंतिणीची खोली' म्हणतात. आईचा जन्म तिथला. त्याच्या मागे रांधपाची खोली, आणि मग मागीलदार. मागीलदारी न्हाणी, विहीर, परडं, बाजूला गोठा आणि मांगर.

हे झालं चौकोनांचं. रॅपोपोर्ट वाचून मी एक प्रयोग केला, तो तुम्हीही आपापल्या घरी करून बघा. याच प्लॅनच्या सहा झेरॉक्स काढल्या. एकावर पहाट लिहिलं, दुसऱ्यावर पेजेची वेळ (सकाळी दहाच्या सुमारास), मग दुपार, तिन्हीसांज आणि रात्र. सहावी चतुर्थीसाठी ठेवली. त्या त्या वेळी घरातलं कोण कुठे आहे ते टिंबाने दाखवायचं, पुरुषांसाठी निळं, बायकांसाठी तांबडं. आत्ताच्या घरात माणसं चारच, म्हणून आजीला विचारून तिच्या तरुणपणीचाही एक सेट केला. तेव्हा घरात सतरा माणसं होती.

आजीच्या काळच्या झेरॉक्सवर चतुर्थी सोडली तर निळी टिंबं माजघराच्या पुढे आणि तांबडी माजघराच्या मागे. इतकी स्वच्छ की मध्ये रेघ मारावी. आपल्याकडे सर्क्युलेशन म्हणजे पॅसेजची रुंदी. इथे दोन सर्क्युलेशन होती आणि ती एकमेकांना फक्त माजघरात भेटत. आजी म्हणाली, लग्न होऊन आल्यावर दोन वर्षं ती लोट्यावर बसली नव्हती. विहिरीवर जायची वाट, शेजारच्या घरी जायची वाट, सगळं मागीलदारातून. वाडीतल्या बायकांचा रस्ता परड्या-परड्यांतून जाणारा वेगळाच होता, आणि तो कुठल्याही नकाशावर नाही.

प्रायव्हसीचंही तसंच. पुस्तकात प्रायव्हसी म्हणजे बेडरूमचं दार हॉलमधून दिसू नये. या घरात प्रायव्हसी म्हणजे कोण किती आत येऊ शकतं याची यादी. काही माणसं खळ्याच्या कडेलाच थांबत, आणि त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतलं जाई. काही पायरीवर टेकत. काही लोट्यावर, काहींना वळयीत पाट. माजघरापर्यंत फक्त नातलग, आणि देवघरापर्यंत त्यातलेही सोवळ्यातले. तीन पायऱ्या, एक उंबरा, आणखी एक उंबरा. मी लेव्हल ट्यूबने त्यांच्या उंच्या घेतल्या: खळं शून्य धरलं तर लोटा एक फूट दहा इंच, वळय दोन फूट एक, देवघर दोन फूट पाच. ड्रॉइंगमध्ये याला आपण 'फिनिश्ड फ्लोअर लेव्हल' म्हणतो. गावात याला जात म्हणत. घरातल्या बाईलाही यातून सूट नव्हती. महिन्याचे चार दिवस तिची जागा मागच्या पडवीचा कोपरा. त्या कोपऱ्यात भिंतीला एक छोटा कोनाडा आहे, बाकी घरात त्या उंचीवर कुठेही नाही. कशासाठी ते विचारल्यावर आजी म्हणाली, तिचं वेगळं ताट-पेलं ठेवायला.

अल्जीरियातल्या कबाइल लोकांच्या घराबद्दल पिअर बुर्दिऊ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा एक प्रसिद्ध निबंध आहे. तिथेही घराची उजेडाची बाजू आणि अंधाराची बाजू, पुरुषाची आणि बाईची, अशी वाटणी तो दाखवतो. वाचताना आपल्या आजीचं घर आठवतं. फरक एवढाच की बुर्दिऊला हे शोधून काढावं लागलं. आमच्या आजीला विचारलं तर ती पेज ढवळता ढवळता सांगते.

वर्षातून सात महिने असणारी खोली

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. या घरातली सगळ्यात मोठी खोली प्लॅनमध्ये दिसतच नाही, कारण तिला भिंती नाहीत आणि पावसाळ्यात ती नसते. ती म्हणजे खळं.

पावसात खळं म्हणजे गवत, चिखल आणि पावळीच्या पाण्याने पडलेली चरांची रांग. दिवाळी जवळ आली की गवत खरवडायचं, माती टाकायची, पाणी मारायचं आणि चोपण्याने, म्हणजे दांडा लावलेल्या चपट्या लाकडाने, ठोकून ठोकून जमीन बसवायची. हे आपल्या भाषेत कॉम्पॅक्शनच आहे. पाणी जास्त झालं तर चिकटतं, कमी झालं तर भुगा होतो. ऑप्टिमम मॉइश्चर कंटेंट आजीला पायाच्या तळव्याला कळतो. मग शेणाने सारवण. मग खांब पुरून वर माडाच्या विणलेल्या चुडतांचा मांडव, ज्याला आमच्याकडे माटव म्हणतात. हे सगळं तुळशीच्या लग्नाआधी व्हायलाच हवं. 'खळा केल्याशिवाय तुळशीचा लगीन कसा लागतला?' असं आजी म्हणते, आणि त्यात कामाचं वेळापत्रक आलं. लग्न देवाचं, डेडलाइन कन्स्ट्रक्शनची.

माझ्या मापाने खळं चोवीस फूट बाय अठरा. वळयीच्या पावणेतीनपट. नोव्हेंबर ते मे त्या खोलीत काय होत नाही? उकडं भात वाळतं, मिरच्या वाळतात, एप्रिल-मेमध्ये कोकमाची सोलं वाळतात, पापड-फेण्या वाळतात. नारळ सोलले जातात, सोडणांचा ढीग लागतो. लग्नाच्या पंगती इथे. दुपारी पुरुष इथे आडवे होतात, रात्री पोरं इथे झोपतात. माणूस गेलं तर शेवटचं इथेच ठेवतात. आणि पुढची-मागची जी रेघ मी मघाशी सांगितली, ती या खोलीत पुसट होते. वाळवण बायकांचं, म्हणून दिवसभर खळ्यात बायका. तांबडी टिंबं पुढच्या अंगाला आली ती खळ्यामुळेच. मिरगाच्या आधी माटव उतरवायचा, खांब मांगरात ठेवायचे, आणि खोली संपली. पुढच्या दिवाळीला परत.

बिल्ट-अप एरियात ही खोली शून्य. मामांनी एका कॉन्ट्रॅक्टरकडून आधी एक कच्चा प्लॅन काढून घेतला होता, त्यात खळ्याच्या जागी पेव्हर ब्लॉक आणि 'पार्किंग' लिहिलं होतं. गाडी आमच्याकडे नाही. चुलत मामांच्या मुलाकडे मुंबईला आहे, ती चतुर्थीला आठ दिवस येते.

हात किती?

जुनं घर म्हटलं की आपण हळवे होतो. इको-फ्रेंडली, सस्टेनेबल वगैरे शब्द सुचायला लागतात. मीही दोन-तीन दिवस मामीला चिऱ्याचे आणि मातीच्या जमिनीचे गुण सांगत होतो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'तुका घर बघूक बरा वाटता रे. सारवूक माका लागता.'

या वाक्यावर मला एक अख्खी शीट खर्च करावी लागली. घर चालू ठेवायला वर्षभरात काय काय करावं लागतं ते महिन्यांप्रमाणे मांडलं. पावसाआधी कौलं परतायची, म्हणजे एकेक काढून, झाडून, फुटकी बदलून परत लावायची. कुजलेल्या रिपा बदलायच्या. पश्चिमेच्या भिंतीला चुडतांचे झाप बांधायचे, नाहीतर झड आत येते. लाकडं, सोडणं, गोवऱ्या भरून ठेवायच्या. पावसात पावळ्यांचे चर मोकळे ठेवायचे. दिवाळीला खळं. आठवड्याला सारवण. वाळवी बघायची. गडग्याचे ढासळलेले दगड परत रचायचे. सतरा माणसांच्या घरात हे काम कुणाला जाणवायचं नाही. चार माणसांत, त्यातही एक ऐंशीच्या पुढची, ते करायचं कुणी? 'कौलां परतूक माणसां खय आसत?' हा मामांचा सवाल. पोरं मुंबईला, पुण्याला, नाहीतर रोज सकाळी गाडीला किक मारून गोव्याला कामाला. त्यात माकडं. माड सोडून ती आता छपरावरून ये-जा करतात आणि एका उडीत चार कौलं फोडतात.

म्हणजे हे घर चिरा, लाकूड आणि माती यांचं जितकं, तितकंच माणसांच्या हातांचं बनलेलं आहे. हात हे त्याचं मटेरियल आहे, आणि ते एस्टिमेटमध्ये कधी आलं नाही कारण त्याला दर नव्हता. त्यातले निम्म्याहून जास्त हात बायकांचे.

धुराचं उदाहरण घ्या. रांधपाच्या खोलीचे वासे काळेभोर झालेत. जुने सुतार सांगतात की चुलीच्या धुराने लाकूड कोरडं राहतं, कीड लागत नाही. आमच्याकडे गॅस आल्यावर चूल फक्त न्हाणीत पाणी तापवायला उरली, आणि गेल्या काही वर्षांत याच खोलीच्या वाशांतून पिठासारखा भुसा पडायला लागलाय. एका अर्थाने गॅसने छप्पर कमजोर केलं. पण तोच धूर आजीच्या छातीत पन्नास वर्षं जात होता. तिची खोकल्याची उबळ ऐकल्यावर वाशांची बाजू घ्यायला जीभ रेटत नाही.

स्लॅबची बाजूही सरळ नाही. समुद्र आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. आयएस ४५६ : २००० प्रमाणे किनाऱ्याच्या उघड्या हवेतलं काँक्रीट 'सिव्हिअर' एक्स्पोजरमध्ये येतं, त्याला किमान एम-३० ग्रेड आणि ४५ मिलिमीटर कव्हर हवं. गावात सर्रास वीस-पंचवीस मिलिमीटर कव्हर दिसतं. खारी हवा सळईपर्यंत पोचली की गंज, गंजाने सळई फुगते, काँक्रीट फुटून पडतं. चिऱ्याच्या भिंतीत लोखंडच नसल्यामुळे तिला हा आजार नाही. शिवाय तीन हजार मिलिमीटर पावसात सपाट स्लॅब गळतोच, म्हणून आमच्या वाडीत नवीन बांधलेल्या घरांवर स्लॅबच्या वर पत्र्याचं उतरतं छप्पर आहे. म्हणजे आधी कौलं नको म्हणून स्लॅब, आणि मग स्लॅब भिजू नये म्हणून छप्पर! ती वरची पत्र्याखालची जागा मात्र फार कामाची झाली आहे. तिथे वाळवण घालतात. खळं माडीवर गेलं म्हणा ना.

एक छप्पर, दोन चुली

प्लॅनमधला खरा गुंता खोल्यांचा नव्हताच. घरपट्टीवर आमच्या मामांबरोबर चुलत मामांचंही नाव आहे. ते मुंबईला, पण हिस्सा अर्धा. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या आहेत: एका छपराखाली राहणं, एका चुलीवरचं जेवणं, मालमत्ता सामाईक, देवपूजा सामाईक आणि आपसात ठराविक नातं. आपली जनगणनासुद्धा कुटुंब मोजते ते सामाईक स्वयंपाकघरावरून. या मापाने आमचं घर तपासलं. छप्पर एक. मालमत्ता अजून सामाईक. देव एक. चुली दोन, कारण माझ्या आजोबांच्या हयातीतच 'चूल वेगळी' झाली, आणि रांधपाच्या खोलीत मध्ये एक कुडाची भिंत आली, छपरापर्यंत न पोचणारी. दोन्हीकडचा धूर वर एकत्रच. म्हणजे एकाच वेळी हे एक कुटुंब आहे आणि दोन आहेत, आणि जुन्या घराला ते चालत होतं.

स्लॅबच्या घराला चालत नाही. मुंबईहून निरोप आला तो असा की दोन स्वतंत्र ब्लॉक काढ, मध्ये नऊ इंची भिंत, दोन दारं, दोन मीटर. कागदावर अगदी सोपं. पण गणपती एकच आहे. तो बसतो वळयीत, आणि त्याच्यावर माटवी, म्हणजे लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, आंब्याचे टाळ, रानातली पानं-फुलं बांधलेली. ती ज्या तुळईला टांगतात तिच्यावर दोऱ्यांचे खोल व्रण पडलेत. दोन ब्लॉक झाले तर माटवी कुठे? आलटून-पालटून एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, असंही सुचवून झालं. आजीने त्यावर काहीच म्हटलं नाही, फक्त माजघरात उठून गेली. मोठ्या मामांनी तो विषय तिथेच बंद केला.

माझी सहावी झेरॉक्स, चतुर्थीची, इथे उपयोगी पडली. त्या दिवशी घरात त्रेचाळीस माणसं असतात. निळी-तांबडी टिंबं सगळीकडे मिसळलेली. मुंबईच्या सुना लोट्यावर, मामा मागीलदारी नारळ खवताना, पोरं माळ्यावर. वळय, माजघर, लोटा मिळून एकच खोली झालेली. ती शीट सगळ्यांच्या पुढे ठेवली आणि म्हटलं, वर्षाचे तीनशे दिवस दोन घरं हवीत, आणि चतुर्थीचे दिवस एक. दोन्ही काढून बघतो.

सध्याचा प्लॅन असा आहे. रांधपाच्या खोल्या दोन, पूर्ण वेगळ्या, मागीलदारंही दोन. पुढची वळय आणि लोटा सामाईक, मध्ये भिंत नाही, वाटल्यास घडीची दारं. देवघर वळयीला लागून, दोन्हीकडून उघडणारं, आणि बाकीच्या जमिनीच्याच पातळीवर. सगळ्या घराची फ्लोअर लेव्हल एकच ठेवली आहे. आजीने उंबरे तेवढे मागितले, ते दिले. मागच्या पडवीचा तो कोपरा नाही. पुढच्या भागाच्या भिंती जुन्या चिऱ्यांच्याच, कारण ते काढून परत वापरता येतात. छप्पर पुढच्या भागावर कौलारू, पण माणसाला हाताने पोचता येईल इतक्या कमी उतारलांबीचं, आणि माकडांसाठी वरून जाळी. स्लॅब फक्त मागे, न्हाणी-संडास आणि दोन झोपायच्या खोल्यांवर, ४५ मिलिमीटर कव्हर धरून. वळयीवरची फणसाची तुळई जपून उतरवायची आणि तिथेच परत चढवायची. खळ्याला पेव्हर ब्लॉक नाही. सारवणही नाही, मामीच्या सांगण्यावरून. चिऱ्याची फरशी, पाणी जिरेल असे उघडे सांधे ठेवून, आणि माटवाच्या खांबांसाठी कायमच्या सहा खोबणी.

मामीने त्यावर पेन्सिलीने एक बदल केला. तिची रांधपाची खोली मागून उचलून उत्तरेच्या अंगाने पुढे आणली आणि ओट्यासमोर खळ्याकडे उघडणारी खिडकी काढली, चांगली चार फूट रुंद. वळयीची त्यामुळे दोन फूट जागा गेली. मामा म्हणाले, पुढच्या अंगाला रांधप कधी कोणी बघितला काय? मामी म्हणाली, आता बघतले.

शीट चतुर्थीला सगळे जमले की वळयीत पसरायची आहे. सिल लेव्हल तीन फूट घेतली आहे.